राखीव खण

राखीवरावांचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं, आणि त्याचं त्यांना फारसं दुःखही नव्हतं. हे नाव त्यांनी कमावलं होतं. काहीही करायला बसले की ते आधी भविष्यासाठी जागा सोडत. बॅग भरताना एक कोपरा मोकळा, वहीत दर पानाआड एक पान मोकळं. आयुष्यात लग्नासाठीही त्यांनी एक जागा राखून ठेवली होती. ती अगदी नियमाप्रमाणे आजतागायत राखीवच होती. घरातल्या भिंतीतल्या कपाटाचा सगळ्यात वरचा खण त्यांनी सुताराला सांगून बिनदाराचा, मोकळा सोडायला लावला. "पुढेमागे लागेल," म्हणाले. लागला ना! थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, त्यात मोडकी छत्री, मुका रेडिओ, खाटेचा सुटा पाय असं काय काय कोंबलं, आणि राखीवराव अधूनमधून त्या खणाकडे बघून उसासे टाकत.

नोकरी होती विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअर बनवणाऱ्या कंपनीत. खुर्चीच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो, आणि त्या कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा प्रोग्राम. बॅटरी, मोटर, ब्रेक यांच्याशी बोलायचा अधिकार फक्त या कर्नलला. बाकीच्या प्रोग्रामांनी, म्हणजे हाताशी असलेल्या पॅनेलवर चार्जचा आकडा दाखवणाऱ्यानं वगैरे, बॅटरीला परस्पर हात लावायचा नाही. त्यांनी कर्नलच्या खिडकीशी यायचं, खणाखणांचा रिकामा ट्रे पुढे करायचा. कर्नल एका खणात चार्ज, दुसऱ्यात तापमान, तिसऱ्यात वेग असं घालून ट्रे परत देणार. ती खिडकी कशी असावी आणि ट्रेला खण किती असावेत, हे ठरवणं राखीवरावांचं काम. आणि ट्रेचे शेवटचे खण? बरोबर ओळखलंत. राखीव.

कामाबद्दल त्यांची दोन वचनं होती. "पुढच्यासाठी जागा सोडा" हे एक, आणि "चालतंय ते मोडायचं नाही" हे दुसरं. दुसरं तर त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून मीटिंगच्या खोलीत लावलं होतं. अर्थ असा, की आज जो प्रोग्राम आपल्या खिडकीशी येऊन सुखानं काम करतोय, तो उद्या कर्नल बदलला तरी तसाच चालला पाहिजे. वचन चांगलंच होतं, त्याबद्दल वाद नाही. शिवाय त्यांची एक बढाईही होती. इतरांच्या खिडक्या पुऱ्या पडेनाशा झाल्या की लोक शेजारी नवी खिडकी पाडतात आणि तिला जुनंच नाव देऊन पुढे 'दोन' लावतात. मग 'तीन' येते. राखीवराव अशांची कीव करत. "ज्याला पुढचं दिसत नाही त्याच्या पोराचं नाव दोन," असं ते नव्या लोकांना चहा पिता पिता ऐकवत. "माझ्या खिडकीला दोन लागणार नाही. मी जागा सोडलीय."

मॅन्युअलमध्ये त्यांनी ठळक लिहिलं होतं: राखीव खण स्वच्छ ठेवावेत. ते खरंच स्वच्छ येतात का, हे बघायचं काम मात्र त्यांनी कर्नलला कधी दिलं नाही. लिहिलंय ना? मग झालं. ज्ञानेश्वरी लिहून ठेवली की जग आपोआप शहाणं होतं, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

आता अक्काचं. अक्का बसस्टँडवर अनाउन्सर होती. तिच्या आवाजावर बस सुटत, माणसं धावत, चुकलेली पोरं आयांना सापडत. पुढे पाठीच्या दुखण्यात तिचे पाय गेले, नोकरी गेली आणि स्टँडवर मशीनचा आवाज आला. त्या मशीननं एकदा सुटून गेलेली बस येत असल्याचं दुपारभर सांगितलं, आणि प्रवाशांनी डेपोमास्तरांना घेराव घातला. मग त्यांना अक्का आठवली. "बाई, आवाज तुमचाच हवा," ते फोनवर म्हणाले, "पण तुम्हाला आणायला-सोडायला माझ्याकडे माणूस नाही. आपल्या आपण यायचं, आपल्या आपण जायचं. जमतंय का बघा."

डेपो नदीपलीकडे, आणि मध्ये उंच कमानीचा लांबलचक पूल. अक्काची जुनी खुर्ची जाताना पूल चढायची, पण येताना चढावर दम टाकायची. कंपनीची नवी खुर्ची दोन बॅटऱ्यांची होती. पहिली संपत आली की पॅनेलचा प्रोग्राम आपोआप दुसरीवर नेणार. माणसानं काही करायचं नाही. राखीवरावांनी खटपट करून ट्रायलसाठी अशी एक खुर्ची अक्काला मिळवून दिली. त्यांच्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ होता, कारण दुसऱ्या बॅटरीची चौकशी करायला त्यांनी आपला पहिला राखीव खण वापरला होता. खण रिकामा आला तर कर्नलनं पहिल्या बॅटरीचा चार्ज सांगायचा, खणात काहीही असलं तर दुसरीचा. इतकी वर्षं राखलेली जागा अखेर कामी आली होती. ते आठवडाभर शीळ घालत हिंडत होते.

खुर्ची तर अफलातूनच निघाली. अक्का बाजारात जाऊन आली, पॅनेलवर शंभर. मैत्रिणीकडे जाऊन आली, शंभर. "बाळ्या," ती राखीवरावांना म्हणाली, "ही खुर्ची वीज खाते का नुसती हवा खाते रे?"

"रचना चांगली असली की असं होतं," राखीवराव खाली बघत नम्रपणे म्हणाले. चालवूनही न उतरणारी बॅटरी जगात कुणी पाहिलेली नाही, हे त्यांना एरवी क्षणात सुचलं असतं. पण स्वतःची स्तुती चालू असताना हिशोब कुणाला सुचतो? अक्कानंही विचार केला, शंभरच आहे तर चार्जिंगला कशाला लावायची. आणि लावली नाही.

डेपोमास्तरांना एकदा येऊन दाखवते, म्हणून ती एका सकाळी एकटीच निघाली. थोड्या वेळानं ऑफिसात राखीवरावांचा फोन वाजला.

"बाळ्या," अक्काचा आवाज आला, तोच घोषणेचा, खणखणीत. "शंभर टक्के चार्ज आहे, आणि मी कचऱ्याच्या गाडीत आहे."

पुलाच्या चढाच्या ऐन मध्यावर खुर्ची ठार बंद पडली होती. ब्रेक आपोआप लागला म्हणून बरं, नाहीतर अक्का उलटी घरी आली असती. मागे गाड्यांचे हॉर्न, पुढे चढ, आणि पॅनेलवर हिरवंगार शंभर. शेवटी कचरा गोळा करणाऱ्या माणसांना दया आली. त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं आणि थेट डेपोच्या फाटकात, सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर उतरवलं. अक्का पदर सावरून ताठ बसून राहिली. डेपोमास्तर तिच्याकडे बघून म्हणाले, "ही तुमची आपली आपण यायची पद्धत का?" मग जरा वरमले आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबतो. सोमवारी आलात तर तुमचा आवाज. नाही आलात तर मशीन आहेच."

कंपनीत खुर्ची उघडली तर पहिली बॅटरी पार रिकामी आणि दुसरी काठोकाठ भरलेली. कारण दुपारपर्यंत सापडलं. पॅनेलचा प्रोग्राम ट्रे धुवून आणतच नव्हता. आधीच्या कुठल्याशा कामाचं खरकटं राखीव खणात तसंच असायचं. इतकी वर्षं कर्नल त्या खणाकडे ढुंकूनही बघत नव्हता, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. आता बघायला लागला, आणि खणात काहीतरी दिसलं की इमानदारीत दुसऱ्या बॅटरीचा आकडा सांगू लागला. ती वापरातच नव्हती, म्हणून शंभर. शंभर म्हणून पॅनेल दुसरीवर जाईना, आणि जाईना म्हणून शंभर. ऑफिसात तपासताना राखीवरावांनी ट्रे स्वतःच्या हातानं लख्ख धुतला होता, त्यामुळे तिथं सगळं झकास चाललं होतं.

लगेच मीटिंग बसली. मोठे साहेब होते, राखीवराव होते, आणि ट्रायलच्या खुर्चीच्या पॅनेलचा प्रोग्राम लिहिणारी, जिला सगळे पॅनेलबाई म्हणत, ती होती. राखीवराव तावातावानं उभे राहिले.

"खण कुणाचा? माझा. त्यात घाण कुणाची? यांची! अहो, मोकळी जागा दिसली की आयत्या बिळावर नागोबा. मॅन्युअल वाचायला नको का? ठळक लिहिलंय!"

"लिहिलंय सर," पॅनेलबाई म्हणाली. "पण खरकटा ट्रे घेऊन आम्ही रोज खिडकीशी येत होतो. तुम्ही एकदाही हटकलं नाहीत."

"आजपासून हटकतो. खरकटा ट्रे आला की कर्नल तो परत फेकेल. बघू कसे येतात!"

"फेका की. मग आतापर्यंत विकलेल्या सगळ्या खुर्च्यांची पॅनेलं बंद पडतील. त्या सगळ्यांत असाच ट्रे आहे." एवढं बोलून तिनं समोरच्या भिंतीकडे नुसतं बघितलं. मोठ्या साहेबांनी चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं, "चालतंय ते मोडायचं नाही."

राखीवरावांनी घोटभर पाणी प्यायलं. "बरं, पहिला खण गेला तर गेला. दुसरा राखीव खण घेऊ."

"त्यातही तेच आहे सर. सगळ्यांत आहे."

म्हणजे भविष्यासाठी सोडलेल्या जागेत भूतकाळानं आधीच पथारी पसरली होती.  कुणीतरी उगाच पेन उघडझाप करत होतं.

मोठे साहेब कामाचा माणूस. ते म्हणाले, "मला एकच गोष्ट सांगा. चूक पॅनेलची असेल तर सगळ्या पॅनेलवाल्यांकडून प्रोग्राम नव्यानं लिहून घ्यावे लागतील. त्याला लागतील सहा आठवडे. चूक कर्नलची असेल तर कर्नलवाल्यांनी शेजारी नवी खिडकी पाडायची, नव्या खुर्चीनं तिथं जायचं, जुन्या खुर्च्यांना हात लावायचा नाही. दोन-तीन दिवसांचं काम. चूक कुणाची?"

"पॅनेलची," राखीवराव तत्काळ म्हणाले. त्या क्षणी त्यांना सोमवार आठवला नाही असं नाही. आठवला. पण नवी खिडकी म्हणजे 'दोन', आणि 'दोन' हा आकडा त्यांच्या घशाखाली उतरेना. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथं तर अंगणही यांनीच आखलेलं.

"ठीक आहे. उद्या सकाळी लेखी द्या," साहेब म्हणाले. "तोवर ट्रायलची खुर्ची गोदामात."

मीटिंग सुटल्यावर पॅनेलबाई राखीवरावांच्या टेबलाशी आली. तिच्या हातात लॅपटॉप होता. आवाज चढवला नाही, खुर्ची ओढून बसली.

"सर, माझ्या पॅनेलशिवाय बाहेरच्या तीन कंपन्याही आपल्याला पॅनेलं देतात. तिघांनी ट्रे न धुण्याची चूक केली. अगदी एकाच जागी. मला नवल वाटलं, म्हणून तिघांचे प्रोग्राम शेजारी शेजारी लावले. हे बघा."

राखीवरावांनी बघितलं. तिन्हींत तोच ट्रे, तसाच न धुता पुढे केलेला. आणि त्याच्या वर तिन्हींत एकच टीप होती: *सध्या असंच, नंतर नीट करू.*

"तिघांनी एकच टीप लिहिली, एकाच शब्दांत? असं होत नाही सर. म्हणून मी मॅन्युअलचं शेवटचं पान उघडलं. तिथं नमुन्याचा प्रोग्राम आहे ना, नवशिक्यांसाठी? तोच सगळ्यांनी उतरवून घेतला. मीसुद्धा. टिपेसकट." ती क्षणभर थांबली. "तो तुम्ही लिहिलाय."

राखीवरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो नमुना त्यांना लख्ख आठवला. मॅन्युअल छापायला जायच्या घाईत, जेवायच्या सुट्टीत एका हातानं खरडलेला. ठळक अक्षरांतला उपदेश पान उलटायच्या आधी, आणि उपदेशाविरुद्धचं उदाहरण पान उलटल्यावर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. आणि लोकांचं काय, उपदेश कुणी वाचत नाही. उदाहरण मात्र सगळे उतरवतात.

"तुम्ही मीटिंगमध्ये का नाही बोललात?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"तेव्हा तीन प्रोग्राम लावून बघितले नव्हते. आणि आता साहेबांकडे जायच्या आधी तुमच्याकडे आले, कारण उद्या सकाळी तुम्ही सांगितलंत तर बरं दिसेल. नाहीतर मला सांगावं लागेल. त्या लेखी कागदावर चूक माझ्या नावावर लागणार आहे." ती उठून गेली. तिच्या जागी राखीवराव असते तर त्यांनी एव्हाना ऑफिसभर दवंडी पिटली असती, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा अक्का नेहमीसारखी रस्त्याकडच्या खिडकीत बसली होती, जुन्या खुर्चीत. राखीवराव तिच्याशी बोलायचं टाळत कपाटाकडे गेले. बॅग कुठंतरी ठेवायची होती. वरच्या खणात हात घातला तर छत्री अंगावर आली.

"हा खण मी मोकळा ठेवला होता!" सगळा राग त्या छत्रीवर निघाला. "यात सामान ठेवा असं मी कुणाला सांगितलं होतं?"

"कुणी ठेवत नाही ना, हे तरी कुठं बघायला आला होतास?" अक्का खिडकीबाहेरच बघत म्हणाली. "दार नाही, कडी नाही. उघडा खण दिसला की माणूस हातातलं ठेवतं. तुझा तो सुतार तेव्हा म्हणत होता, दार लावू का. तू म्हणालास, कशाला, माणसं शहाणी आहेत."

राखीवराव छत्री हातात घेऊन उभे राहिले. खाली बस गेली. अक्काच्या ओठांची हालचाल झाली, पुटपुटत तिनं त्या बसचं शेवटचं गाव आणि फलाट म्हटला.

"तुला वाटतं मी ऐकत नाही," ते म्हणाले.

"ऐकतोस ते माहीत आहे. म्हणून तर पुटपुटते, नाहीतर ओरडले असते." ती वळली. "बाळ्या, सोमवारची खुर्ची मिळेल का नाही, सरळ सांग. मला भीती वाटते. ही संधी गेली तर पुन्हा कुणी बोलावणार नाही मला. या खिडकीत बसून बस मोजत मी म्हातारी होईन, आणि तू रोज संध्याकाळी मला चहा करून देशील, आणि आपण दोघं एकमेकांवर खेकसत मरू."

"अडचण आहे थोडी. चूक पॅनेलवाल्यांची निघाली, तर दुरुस्तीला सहा आठवडे."

"आणि तुझी निघाली तर?"

"दोन-तीन दिवस."

अक्कानं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं समोर उभ्या असलेल्या बसपाशी येऊन तिचाच फलाट विचारणाऱ्या प्रवाशाकडे बघावं.

"मग तुझीच असू दे की!"

तिला बिचारीला ट्रे माहीत नाही, खण माहीत नाही, नमुना माहीत नाही.  छत्री राखीवरावांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"माझीच आहे," ते अखेर म्हणाले.

"अरे मग अडलंय कुठं?"

अडलं होतं ते त्यांनी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि पुढची वीस वर्षं हसली असती.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला ते सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. रात्रभर त्यांनी भाषण जुळवलं होतं. त्यात सुरुवातीचा काळ होता, घाई होती, माणूसबळाची टंचाई होती, आणि शेवटी, अगदी हळूच, नमुना होता. मोठे साहेब आले, बसले, "हं," म्हणाले, आणि भाषण कुठच्या कुठं पळालं.

"चूक कर्नलची," राखीवराव म्हणाले. "म्हणजे माझी. नमुन्याचा प्रोग्राम मी चुकीचा लिहिला, सगळ्यांनी तोच उतरवला. आणि राखीव खण राखायला मी कुणाला बसवलंच नव्हतं."

आता आभाळ कोसळणार म्हणून ते मान खाली घालून बसले. साहेबांनी बिस्किट चहात बुडवलं. "बरं," ते म्हणाले. "नवी खिडकी कधी मिळेल?"

एवढंच. ज्या नामुष्कीच्या भयानं ते सख्ख्या बहिणीची नोकरी बुडवायला निघाले होते, ती नामुष्की बिस्किट भिजायच्या आत संपली. खरं सांगायचं तर त्यांना थोडं वाईटच वाटलं. इतक्या मोठ्या चुकीला जरा तरी मान मिळायला हवा होता.

नावावरून मात्र त्यांनी शेवटची झुंज दिली. 'विस्तारित खिडकी' म्हणू, 'नवी पद्धत' म्हणू, काहीतरी भारदस्त ठेवू. साहेब म्हणाले, "दोन म्हणा हो. सगळे दोनच म्हणतात." पॅनेलबाई खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे किंचित हलत होते.

शनिवार-रविवार दोघं कामाला बसली. जुन्या खिडकीला कुणी हात लावला नाही. तिथं जुन्या खुर्च्यांनी आपले खरकटे ट्रे घेऊन खुशाल यावं आणि पहिल्या बॅटरीचा आकडा घेऊन जावं. दोन नंबरच्या खिडकीवर राखीवरावांनी पहारा बसवला. आलेला ट्रे किती मोठा आहे ते आधी विचारायचं, मग एकेक राखीव खण उघडून बघायचा, कणभर काही दिसलं तरी ट्रे तिथल्या तिथं परत. पॅनेलबाईनं मुद्दाम खरकटे ट्रे पाठवून पाठवून बघितले. एकही आत गेला नाही. मॅन्युअलचा ठळक उपदेश राखीवरावांनी होता तसाच ठेवला, आणि नमुना मात्र पाच वेळा तपासला.

सोमवारी सकाळी अक्का गोदामातून सुटलेल्या खुर्चीत बसून निघाली. "मी येतो सोबत," राखीवराव म्हणाले. "आलास तर तंगडं मोडीन," अक्का म्हणाली. तिनं पॅनेलकडे बघितलं, कसल्यातरी समाधानानं मान हलवली आणि गेली.

राखीवराव अर्थातच मागून गेले. बरंच अंतर ठेवून, दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं करत. पूल आला. खुर्ची चढावर लागली, आणि ऐन मध्यावर, त्या दिवशी बंद पडली होती नेमक्या त्याच जागी, थबकली.  मागून ट्रकचा हॉर्न वाजला. राखीवराव धावायला निघणार, एवढ्यात खुर्चीतून बारीकसा पीं असा आवाज आला, खुर्चीनं अंग झटकलं आणि सरळ पुढे चालू लागली. पहिलीवरून दुसरीवर गेली होती. राखीवरावांनी कठडा धरला आणि चारचौघांत नाक पुसलं.

पण पहिली इतक्यात संपली कशी? ती रात्री भरायला हवी होती. हे कोडं डोक्यात घेऊनच ते डेपोत पोचले.  समोर पहिला बाक रिकामा दिसला, त्यावर धपकन बसले आणि घाम पुसू लागले. चहूकडे माणसं, बोचकी, कंडक्टरांच्या शिट्ट्या. मग वरचा कर्णा खरखरला.

"प्रवाशांनी लक्ष द्या." अक्का! तोच आवाज. स्टँडवरची अर्धी माणसं वर बघू लागली, आणि एक ड्रायव्हर चक्क गाडीतून खाली उतरला. "फलाट पाचवरची बस सुटत आहे. धावू नका, मी थांबवलीय." माणसं हसली. राखीवरावांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते भरू दिले.

"दुसरी सूचना," कर्णा म्हणाला. "फलाट तीनवरच्या बाकावर बसलेल्या निळ्या शर्टाच्या गृहस्थांनी कृपया उठावं. तो बाक चालायला त्रास होणाऱ्यांसाठी राखीव आहे."

राखीवराव जागच्या जागी गोठले. हळूच मान वर केली. डोक्यावर पाटी होती. ठळक अक्षरांतली.

"नुसती पाटी लावली तर कुणी वाचत नाही," आवाज शांतपणे पुढे म्हणाला, "म्हणून इथं आजपासून बघायलाही माणूस बसवलाय. त्याच गृहस्थांच्या माहितीसाठी: पहिली मी मुद्दाम अर्धवट भरून आणली होती. पुलावर ती बदलते का, हे दिवसाउजेडी बघून घेतलेलं बरं. दुसरीत सत्तर आहे. संध्याकाळी न्यायला यायची गरज नाही."

सगळा स्टँड निळा शर्ट शोधत होता. राखीवराव उठले. काठी टेकत आलेल्या एका आजोबांना त्यांनी बाकावरची जागा रुमालानं पुसून दिली आणि बाजूला, खांबाला टेकून उभे राहिले.